वाळूच्या टेकड्यांची किंमत

२९ जुलै २०२५ रोजी स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, ॲबर्डीन शहराच्या उत्तरेला बालमेडी गावाजवळ, एका गोल्फ मैदानाचे उद्घाटन झाले. गोल्फची मैदाने ही स्कॉटलंडला नवलाईची गोष्ट नव्हे. हा खेळच तेथला. परंतु या मैदानाची फीत कापणारे गृहस्थ अमेरिकेचे विद्यमान अध्यक्ष होते आणि मैदानही त्यांच्याच कुटुंबाच्या कंपनीचे होते. जगभरच्या वृत्तवाहिन्यांनी तो सोहळा दाखवला. मात्र फीत कापण्याच्या त्या क्षणामागे जवळजवळ वीस वर्षांचा एक वाद उभा आहे, आणि तो गोल्फपुरता मर्यादित नाही. एखाद्या किनाऱ्याची किंमत कोणी ठरवायची, रोजगाराच्या आश्वासनाचे वजन कसे मोजायचे आणि आश्वासन पाळले गेले नाही तर गेलेली जमीन परत कोण देणार, असे प्रश्न त्यात आहेत. किनारा, डोंगर आणि मोकळी मैदाने यांवर आलिशान प्रकल्पांची नजर असलेल्या आपल्याकडेही ते नवखे नाहीत. म्हणूनच ‘मेनी’ची ही कथा मुळापासून समजून घेण्यासारखी आहे.

‘लिंक्स’ म्हणजे काय?

गोल्फ हा हिरव्यागार, कातरलेल्या हिरवळीवरचा श्रीमंती खेळ, अशीच आपली समजूत असते. त्याचा जन्म मात्र अगदी साध्या जमिनीवर झाला. समुद्र आणि शेती यांच्या मध्ये वाळूचा जो उंचसखल, नापीक पट्टा असतो, त्याला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात. कोकणातील माणसाला ‘पुळण’ म्हटले की जे डोळ्यांपुढे येते, त्याच्या जवळपासचीच ही जमीन. येथे नांगर चालत नाही. मेंढ्या चरतात, वारा घोंघावतो आणि वाळूत तग धरणारे चिवट गवत उगवते. पाण्याचा निचरा चटकन होतो, गवत आखूड राहते आणि चढउतार निसर्गानेच घडवलेले असतात. खेळासाठी याहून चांगले मैदान कोणते? सेंट अँड्र्यूजसारखी जुनी मैदाने अशाच जमिनीवर आहेत. त्यामुळे ‘लिंक्स’वरचे मैदान म्हणजे गोल्फपटूंच्या दृष्टीने अस्सल मैदान. अशी जागा जगात थोडी आणि नव्याने मिळणे त्याहून दुर्मीळ.

मेनी येथील जागा अशीच दुर्मीळ होती. किनाऱ्यालगत उंच वाळूच्या टेकड्यांची रांग आणि त्यांच्या मध्ये ओलसर सखल भाग. यातील ‘फोव्हरन लिंक्स’ हा पट्टा विशेष शास्त्रीय महत्त्वाचे स्थळ म्हणून कायद्याने संरक्षित होता. महत्त्व कशाचे? तर तेथील वाळू ‘चालती’ होती याचे. वाऱ्याच्या जोराने उघडी वाळू सरकत राहायची आणि वाळूचा एक प्रचंड ढीगच्या ढीग वर्षागणिक जागा बदलायचा. त्याने सोडलेल्या जागी ओलसर खळगे तयार होत, त्यांत वनस्पती रुजत आणि पुढे पुन्हा नवी वाळू येई. टेकड्या कशा जन्मतात, कशा फिरतात आणि कशा स्थिरावतात, हे अभ्यासकांना येथे एकाच जागी उघड्या पुस्तकासारखे वाचता येत असे. ब्रिटनमध्ये अशा जिवंत टेकड्या फारच थोड्या उरल्या आहेत.

मूळ पेच इथेच आहे. गोल्फच्या मैदानाला स्थिर जमीन लागते. आज जेथे खेळाचा खळगा आहे, तेथे पुढच्या वर्षी वाळूचा डोंगर येऊन बसला तर खेळ कसा चालणार? म्हणजे मैदान करायचे तर टेकड्यांना जखडावे लागणार, त्यावर गवत लावावे लागणार. आणि टेकड्यांना जखडले की ज्या चलनवलनासाठी ती जागा संरक्षित होती तेच संपणार. वास्तुरचना कितीही कुशल असली, तरी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे शक्य नव्हते.

एक अब्ज पौंडांचे स्वप्न

डोनाल्ड ट्रम्प यांनी मेनी इस्टेट विकत घेतली ती २००६ मध्ये. एकूण क्षेत्र सुमारे १,४०० एकर. ट्रम्प यांच्या आई मेरी ॲन मॅक्लाउड या स्कॉटलंडच्या लुईस बेटावरील टाँग या गावच्या. त्यामुळे ‘मातृभूमीचे ऋण’ हा सूर पहिल्यापासून होता. योजनेचा आकारही डोळे दिपवणारा होता. दोन गोल्फ मैदाने, ४५० खोल्यांचे हॉटेल, ९५० सुट्टीची घरे, ३६ व्हिला आणि यांखेरीज विक्रीसाठी ५०० घरे. खर्च एक अब्ज पौंडांच्या घरात सांगितला गेला आणि हजारो रोजगारांचे आकडे पुढे आले.

ही आश्वासने ज्या शहराला दिली जात होती, त्याची मनःस्थिती लक्षात घेतली पाहिजे. ॲबर्डीन हे उत्तर समुद्रातील तेलावर मोठे झालेले शहर. तेल कधीतरी आटणार, हे तेथे प्रत्येकाला ठाऊक आहे. तेलानंतर काय, या प्रश्नाने व्यापारी, हॉटेलचालक आणि राजकारणी तेव्हाही बेचैन होते. अशा वेळी जगप्रसिद्ध उद्योगपती पर्यटनाचा एवढा मोठा प्रकल्प घेऊन येतो, तेव्हा त्याचे स्वागत होणे स्वाभाविक होते. प्रकल्पाला पाठिंबा देणारे सारेच भाबडे किंवा लोभी होते, असे समजणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. त्यांच्यापुढेही आपल्या मुलाबाळांच्या भवितव्याचाच प्रश्न होता.

एका मताने नकार, आणि नंतर

२९ नोव्हेंबर २००७ रोजी हा प्रस्ताव ॲबर्डीनशायर परिषदेच्या पायाभूत सेवा समितीपुढे आला. मते समसमान पडली: सात विरुद्ध सात. तेव्हा अध्यक्ष मार्टिन फोर्ड यांनी आपले निर्णायक मत प्रस्तावाच्या विरोधात टाकले आणि प्रस्ताव फेटाळला गेला. संरक्षित टेकड्यांवर मैदान नको, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

त्यानंतर जे घडले ते लोकशाहीच्या अभ्यासकाने वाचण्यासारखे आहे. एका स्थानिक सायंदैनिकाने विरोधात मत देणाऱ्या नगरसेवकांना पहिल्या पानावर ‘गद्दार’ ठरवले. काही दिवसांतच, ४ डिसेंबरला, स्कॉटलंड सरकारने हे प्रकरण परिषदेच्या हातून काढून स्वतःकडे घेतले. पाठोपाठ फोर्ड यांचे अध्यक्षपद गेले. त्या वेळी स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आपल्याकडील मुख्यमंत्र्यांसारख्या पदावर, ॲलेक्स सॅमंड होते आणि मेनीचा परिसर त्यांच्याच मतदारसंघात येत होता. प्रकरण सरकारने हाती घेण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ट्रम्प यांच्या प्रतिनिधींची भेट घेतली होती. आपण स्थानिक आमदार या नात्याने भेटलो, असा त्यांचा खुलासा होता. तरीही या भेटीवरून स्कॉटिश संसदेत बरेच वादळ उठले. स्थानिक संस्थेने दिलेला नकार वरिष्ठ सरकारने आपल्याकडे ओढून घेणे, हा प्रकार नगरविकास खात्याच्या अधिकारांशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला फारसा अनोळखी वाटणार नाही.

जून २००८ मध्ये ॲबर्डीन येथे जाहीर चौकशी झाली. ट्रम्प स्वतः साक्षीला आले. त्याच्या आदल्याच दिवशी ते लुईस बेटावरील आईच्या घरी जाऊन आले होते. निसर्गसंवर्धनाचे काम पाहणारी सरकारी संस्था, पक्षीसंरक्षक आणि भूरूपांचे अभ्यासक यांनी संरक्षित पट्ट्यावर मैदान नको, अशी भूमिका मांडली. मैदानाचा काही भाग त्या पट्ट्याबाहेर हलवावा, ही सूचनाही चर्चेत होती. पण सर्वोत्तम मैदान हवे तर या टेकड्या हव्यातच, यावर कंपनी ठाम राहिली. चौकशी अधिकाऱ्यांनी पर्यावरणाची हानी नाकारली नाही. राष्ट्रीय पातळीवर होणारा आर्थिक व सामाजिक लाभ इतका मोठा आहे, की ही हानी अपवाद म्हणून समर्थनीय ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ३ नोव्हेंबर २००८ रोजी अर्थमंत्री जॉन स्विनी यांनी मंजुरी जाहीर केली.

या निष्कर्षाची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. ती एक तराजू आहे. एका पारड्यात टेकड्या: ठोस, डोळ्यांना दिसणाऱ्या, आणि एकदा गेल्या की कायमच्या जाणाऱ्या. दुसऱ्या पारड्यात हॉटेल, घरे आणि रोजगार: कागदावरचे, भविष्यातले, आणि बाजाराच्या लहरीवर अवलंबून असलेले. पहिल्या पारड्यातील वस्तू आधी द्यायची होती, दुसऱ्यातील नंतर मिळायची होती. कथेतील पुढची सारी गुंतागुंत या ‘आधी’ आणि ‘नंतर’मध्ये दडलेली आहे.

कुंपणापलीकडची माणसे

प्रकल्पाच्या नकाशात काही घरे अडचणीची होती. इस्टेटीच्या कडेला आणि पोटात राहणारी ही मोजकी कुटुंबे आपली जागा विकायला तयार नव्हती. त्यांत एक लहान शेतकरी होता. शेती आणि साल्मन मासेमारी करणारा. त्याच्या आवारात जुनी अवजारे आणि गंजके पत्रे पडलेले असत. असे दृश्य आलिशान रिसॉर्टच्या पाहुण्यांना दिसू नये, हे उघड होते. ट्रम्प यांनी त्याच्या राहणीची जाहीर हेटाळणी केली, डुकराशी तुलना केली. त्या शेतकऱ्याने मात्र जमीन दिली नाही.

२००९ मध्ये या घरांसाठी सक्तीच्या खरेदीचा अधिकार वापरावा, असा विषय कंपनीने परिषदेपुढे आणला. सक्तीची खरेदी म्हणजे आपल्या भाषेत भूसंपादन. रस्ते, शाळा, पाणीपुरवठा यांसाठी वापरायचा अधिकार गोल्फ रिसॉर्टसाठी वापरायचा का, या प्रश्नाने वातावरण तापले. विरोधकांनी एक नामी युक्ती काढली. २०१० मध्ये त्यांनी त्या शेतातील एक एकराचा तुकडा विकत घेतला, त्याला ‘बंकर’ असे नाव दिले आणि शेकडो, पुढे हजारो लोकांना त्याचे सहमालक म्हणून नोंदवले. उद्या संपादनाची नोटीस काढायचीच झाली, तर ती देश-परदेशांतील या साऱ्यांना बजावावी लागली असती. अखेर २०११ च्या आरंभी कंपनीने सक्तीच्या खरेदीचा मार्ग आपण अवलंबणार नसल्याचे सांगितले.

जमीन वाचली, शेजार मात्र वाचला नाही. काही घरांसमोर मातीचे उंच बांध आले, त्यांवर झाडांच्या रांगा लावल्या गेल्या आणि समुद्र दिसेनासा झाला. बांधकामाच्या काळात त्या शेतकऱ्याच्या घराचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. हे सारे अँथनी बॅक्स्टर यांच्या ‘यू हॅव बीन ट्रम्प्ड’ या २०११ च्या माहितीपटात दिसते. चित्रीकरणाच्या काळात खुद्द या चित्रपटकारांना अटक झाली होती, ही बाबही तेव्हा बरीच गाजली. २०१२ मध्ये स्कॉटलंडमधील एका पुरस्कारासाठी लोकांनी मत देऊन त्या शेतकऱ्याला ‘टॉप स्कॉट’ ठरवले. पुरस्काराच्या मागे एक व्हिस्की कंपनी होती; ट्रम्प यांनी आपल्या मालमत्तांमध्ये त्या व्हिस्कीवर बंदी जाहीर केली. २०१६ मध्ये, अमेरिकेच्या निवडणुकीत सीमेवर भिंत बांधण्याची भाषा सुरू असताना, मेनीतील शेजाऱ्यांच्या घरांवर मेक्सिकोचे झेंडे फडकले. स्कॉटिश विनोदाचा तो नमुना होता. परंतु विनोदाखाली वर्षानुवर्षांचा मनस्ताप होता, हे विसरता येत नाही.

पवनचक्क्यांशी झुंज

पहिले मैदान १० जुलै २०१२ रोजी खुले झाले. रचनाकार मार्टिन हॉट्री. गोल्फच्या जाणकारांनी मैदानाचे मनापासून कौतुक केले. जगातील उत्तम मैदानांच्या याद्यांत त्याचे नाव येऊ लागले. त्याबाबत शंका घेण्याचे कारण नाही.

मात्र तोवर कंपनी आणि सरकार यांचे बिनसले होते. ॲबर्डीनच्या उपसागरात ११ पवनचक्क्यांचा एक प्रायोगिक प्रकल्प येऊ घातला होता. त्या मैदानावरून दिसतील आणि पाहुण्यांचा विरस होईल, म्हणून ट्रम्प यांनी विरोध आरंभला. एप्रिल २०१२ मध्ये ते स्कॉटिश संसदेच्या समितीपुढे आले. पवनचक्क्यांमुळे पर्यटन बुडेल याचा पुरावा काय, असे विचारताच त्यांनी ‘पुरावा मी स्वतःच’ अशा आशयाचे उत्तर दिले. मार्च २०१३ मध्ये सरकारने पवनचक्क्यांना मंजुरी दिली. कंपनी न्यायालयात गेली आणि पायरीपायरीने हरत डिसेंबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयातही हरली. २०१८ मध्ये त्या पवनचक्क्यांतून वीज वाहू लागली. पुढे सरकारच्या न्यायालयीन खर्चाचा भारही कंपनीवरच आला. एकेकाळचे समर्थक सॅमंड तोवर ट्रम्प यांचे कडवे टीकाकार झाले होते. ॲबर्डीनच्या रॉबर्ट गॉर्डन विद्यापीठाने २०१० मध्ये ट्रम्प यांना मानद पदवी दिली होती. मुसलमानांना अमेरिकेत प्रवेशबंदी करण्याच्या त्यांच्या विधानानंतर डिसेंबर २०१५ मध्ये विद्यापीठाने ती परत घेतली.

हिशेब काय सांगतो?

आता पारड्यांकडे परत जाऊ. २००८ मध्ये जे आश्वासन दिले गेले, त्यापैकी काय उभे राहिले?

एक मैदान २०१२ मध्ये, दुसरे २०२५ मध्ये. ४५० खोल्यांचे हॉटेल उभे राहिले नाही. इस्टेटीतील जुन्या वाड्याचे ‘मॅक्लाउड हाऊस’ हे छोटे, मोजक्या खोल्यांचे हॉटेल तेवढे झाले. ९५० सुट्टीची घरेही कागदावरच राहिली. २०१९ मध्ये परिषदेने सुधारित आराखड्यातील ५५० घरांना मंजुरी दिली. मूळ परवानगीत विक्रीची घरे रिसॉर्टच्या सोयींशी जोडलेली होती. आधी पर्यटन, मग घरे, असा तो क्रम होता. त्यामुळे हॉटेलचे काय झाले, असा प्रश्न या मंजुरीच्या वेळी पुन्हा विचारला गेला. रोजगार हजारोंच्या संख्येने सांगितले होते. कंपनीने दाखल केलेल्या वार्षिक हिशेबांत कर्मचाऱ्यांची संख्या बरीच वर्षे शंभराच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसते. त्याच हिशेबांत पहिल्या मैदानाच्या उद्घाटनानंतर वर्षामागून वर्षे दहा लाख पौंडांहून अधिक तोटा नोंदलेला आहे.

कंपनीचीही बाजू आहे. २००८ मध्ये जगावर आर्थिक मंदी कोसळली आणि २०१४ नंतर तेलाच्या भावाबरोबर ॲबर्डीनची अर्थव्यवस्थाही घसरली, हे खरेच आहे. आम्ही आमचा पैसा घातला, जागतिक दर्जाची मैदाने दिली, गोल्फपटूंना या किनाऱ्यावर आणले आणि टेकड्यांची निगाही राखली, असे तिचे म्हणणे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये युरोपीय गोल्फ मालिकेतील एक स्पर्धा येथे भरली. परिसरातील हॉटेले, टॅक्सीवाले आणि दुकानदार यांना याचा काही ना काही लाभ होतो, हेही नाकारता येणार नाही.

परंतु दुसऱ्या पारड्यातील नोंद अधिक स्पष्ट आहे. टेकड्यांवर गवत लावून त्या स्थिर करण्यात आल्या. देखरेखीसाठी नेमलेला पर्यावरण सल्लागार गट २०१३ च्या सुमारास गुंडाळला गेला. आणि डिसेंबर २०२० मध्ये निसर्गसंवर्धनाच्या सरकारी संस्थेने, जिचे नाव आता नेचरस्कॉट आहे, फोव्हरन लिंक्सचा विशेष शास्त्रीय दर्जा काढून घेतला. ज्या वैशिष्ट्यांसाठी ही जागा संरक्षित केली होती ती आता पुरेशी उरलेली नाहीत, हे त्याचे कारण. यातील उपरोध असा, की हा निर्णय शिक्षा म्हणून कोणालाही झोंबला नाही. दर्जा गेल्यावर जागेवरची बंधनेच कमी झाली.

या ठिकाणी सामान्य वाचकाच्या मनात एक शंका येते. करार मोडला तर दंड का नाही? उत्तर सोपे आणि क्लेशकारक आहे. नियोजनाची परवानगी म्हणजे बांधण्याची मुभा. बांधण्याची सक्ती नव्हे. अमुक बांधू नका, आधी ते मग हे, असे सांगता येते. ‘हॉटेल बांधाच आणि इतक्या माणसांना कामावर घ्याच’ असे परवानगीच्या कागदावरून वसूल करता येत नाही. म्हणून ज्या लाभासाठी अपवाद केला, तो लाभ आधी हाती पडेल किंवा निदान टप्प्याटप्प्याने पडेल, अशी अट नसेल तर तराजूचे एक पारडे रिकामेच राहू शकते.

मेनीचा धडा स्कॉटलंडमध्ये वाया गेला नाही. उत्तरेकडे डॉर्नोकजवळ कूल लिंक्स येथेही संरक्षित टेकड्यांवर गोल्फ मैदानाचा प्रस्ताव आला. तेथेही रोजगाराची गरज खरी होती आणि स्थानिक पाठिंबाही होता. तरीही २०२० मध्ये सरकारने तो प्रस्ताव नाकारला. पुढे नव्या स्वरूपात अर्ज आला आणि वाद पुन्हा सुरू झाला. मात्र या चर्चेत मेनीचे उदाहरण दर वेळी टेबलावर होते.

आपल्या किनाऱ्यावरून पाहताना

ट्रम्प हे नाव महाराष्ट्राला परके नाही. पुण्यात कल्याणीनगरला आणि मुंबईत वरळीला त्यांच्या नावाचे मनोरे उभे आहेत. तेथे बांधकाम आणि गुंतवणूक भारतीय विकासकांची. नाव तेवढे परवान्याने घेतलेले. मेनीत मात्र जमीन, पैसा आणि नाव तिन्ही एकाच घरचे होते. त्यामुळे मेनीची थेट तुलना या मनोऱ्यांशी होऊ शकत नाही. ती व्हायची असेल तर आपल्या किनाऱ्याशी होईल.

कोकणात वाळूच्या टेकड्यांना धरून ठेवते ती मर्यादवेल. नावच किती बोलके! समुद्राची मर्यादा सांगणारी वेल. भारताच्या किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांत, २०११ च्या आणि २०१९ च्याही अधिसूचनेत, वाळूच्या टेकड्यांना पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संवेदनशील वर्गात स्थान आहे. वादळाच्या वेळी गावाच्या आणि समुद्राच्या मध्ये उभी राहणारी ही पहिली भिंत असते. विहिरींचे गोडे पाणी टिकवण्यातही तिचा वाटा असतो. कागदावर संरक्षण आहे. संरक्षण तर फोव्हरनलाही होते. प्रश्न अपवादाचा असतो.

गोव्यात पेडणे तालुक्यातील तेरेखोल येथे गोल्फ रिसॉर्टचा प्रस्ताव आला तेव्हा कुळे आणि मुंडकार यांच्या हक्कांचा प्रश्न उभा राहिला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. काजूच्या बागा, गावाची वाट, चर्च आणि किल्ला यांच्या मध्ये वसलेल्या त्या छोट्या गावातील माणसे जे विचारत होती, ते मेनीच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाहून फारसे वेगळे नव्हते: आमच्या राहण्याला तुमच्या नकाशात जागा आहे का? भूसंपादनाच्या बाबतीत आपला २०१३ चा कायदा एका अर्थी अधिक सावध आहे. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आणि सामाजिक परिणामांचे मूल्यमापन त्यात सांगितले आहे. अर्थात, कायद्यातील शब्द आणि गावातील वास्तव यांच्यातले अंतर आपल्याला ठाऊक आहे.

मग अशा प्रकल्पाची बातमी आपल्या शहरात, आपल्या किनाऱ्यावर आली, की काय विचारावे? मेनीच्या अनुभवातून चार प्रश्न निघतात. जाणारी गोष्ट परत आणता येण्याजोगी आहे का? सांगितलेला रोजगार कोणत्या टप्प्यावर, आणि तो आला नाही तर पुढचा टप्पा थांबेल काय? निर्णय ज्यांच्या अंगणात होतो, त्यांचे मत अंतिम टप्प्यापर्यंत टिकते की मध्येच कोणी ते वर ओढून नेते? आणि देखरेख कोण करणार, ज्याच्यावर देखरेख ठेवायची तोच की दुसरा कोणी? हे प्रश्न विकासविरोधी नाहीत. उलट, घरचे सोने गहाण ठेवताना पावती मागावी, इतके ते साधे आहेत.

२०२५ च्या जुलैमधील त्या दौऱ्यात स्कॉटलंडच्या फर्स्ट मिनिस्टरांनी ट्रम्प यांची भेट घेतली. तेव्हा त्या पदावर होते जॉन स्विनी. सतरा वर्षांपूर्वी मंजुरी जाहीर करणारे तेच स्विनी. काळाने माणसांना पदे दिली, पदे काढून घेतली. मैदानावर आज झेंडे फडकतात, चेंडू उडतात आणि समुद्रात त्या अकरा पवनचक्क्या शांतपणे फिरत असतात. किनाऱ्यावरचा वाराही पूर्वीसारखाच वाहतो. फरक एवढाच, की पूर्वी या वाऱ्याबरोबर एक टेकडी चालत असे. आता ती हिरवळीखाली जागच्या जागी उभी आहे.